एका वड्याची परवानगी

मी पडले ती कांद्यांवर. आणि तेही भर धक्क्यावर, मुंबईची लाँच लागायच्या वेळेला, सगळ्या दुनियेसमोर!

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील तेव्हा. रेवसच्या धक्क्यावर मी पांढऱ्या कांद्याच्या माळा विकायला बसायचे. शेजारी ठमी सुकट घेऊन असायची. चैताचं ऊन डोक्यावर आलेलं. लाँच दिसली म्हणून मी उठायला गेले, तर डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी धप्पकन माळांच्या ढिगावर. कांदे गडगडत गेले ते थेट पाण्याच्या कडेपर्यंत.

डोळे उघडले तर समोर एक अनोळखी तोंड. घामानं थबथबलेलं... आणि खोबरेलाचा घमघमाट.

"उठू नको. आधी सांग, सकाळधरनं काय खाल्लंस?"

"पेज."

"आणि काल?"

"पेजच... वरचं पाणी."

"कुनी शाप दिलाय का तुला?"

"शाप कसला!" ठमी मागून ओरडली. "लगीन ठरतंय तिचं!"

तो हसला. मग उठून आपल्या टपरीकडे गेला आणि केळीच्या पानावर एक बटाटेवडा घेऊन आला. गरम, वर वाफ. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, पण मी मान फिरवली.

"मला तळलेलं चालत न्हाय."

"हां... म्हणजे उन्हात पडलेलं चालतं, तळलेलं चालत न्हाय!"

बाई गं, काय राग आला मला त्याचा! रागारागात वडा घेतला आणि खाऊनच टाकला.

हा दिनानाथ. किहीमकडचा, आमच्यातलाच. त्याच सकाळी त्यानं धक्क्यावर झावळ्यांची टपरी घातली होती. लाँचमधून माणसं उतरायची, पलीकडे एस.टी.चा ड्रायव्हर भोंगा वाजवायचा, आणि त्या मधल्या घाईत सगळ्यांना हातात काहीतरी गरम हवं असायचं. उभ्या उभ्या दोन वडे गिळायचे आणि पळायचं. भजीला कांदा लागायचा म्हणून दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याकडेच येऊ लागला. ठमी म्हणायची, "येवढा कांदा हा भजीत घालतो का उशाला घेतो?"

आता ती पेजेची कथा सांगते. आमच्या घरी मुंबईहून सखुबाई आल्या होत्या. त्यांचा भाचा शिवदास गोदीत कामाला, पक्की नोकरी. आमच्या बाबांना, म्हणजे गुणाजींना, आभाळ ठेंगणं झालं. सखुबाईंनी मला उभी केली, फिरवली, पुन्हा उभी केली.

"पोरगी गोड हाय, पन अंगानं जरा जास्तच हाय," असं म्हणून त्यांनी बटव्यातून एक सोन्याची पाटली काढली. "ही माझ्या भावजयीची. शिवदासच्या आयची. गेली बिचारी. ही जिच्या हातात चढंल ती आमची सून. चढली का सांगावा धाडा, आमी तारीख धरू. न्हायच चढली तर पाटली परत द्या. राग न्हाय, रुसवा न्हाय."

पाटली अंगठ्याच्या हाडापाशीच अडकली. आईनं त्याच संध्याकाळपासून माझा भात बंद केला, मासळीचं कालवण बंद केलं आणि तळणाकडे बघायचं सुद्धा नाही अशी शपथ घातली. मीही हो म्हटलं. नवरा मुंबईचा, घरात नळाचं पाणी... कोण नाही म्हणेल! पेजेवर दिवस ढकलले आणि शेवटी कांद्यांवर पडले.

"सगळं चूक चाललंय तुझं," माझ्याकडून हे ऐकल्यावर दिनानाथ म्हणाला. "वड्याचा काय गुन्हा? उभ्यानं, घाईनं दोन-दोन गिळले तर कुनाच्याही अंगावर चढतील. तू बसून खा. सावकाश. रोज एक. एका वड्याची माझ्याकडनं परवानगी."

"तू कोण रे परवानगी देणारा?"

"तळणारा!" तो म्हणाला. "त्या बदल्यात घरी भाकरी अर्धी, ताक भरपूर... आणि बैलगाडीतनं जायचं न्हाय. मिठागराच्या बांधावरनं चालत जायचं."

"एवढं लांब? येकटी?"

तो कढईकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मी पन तिकडनंच जातो की."

खोटारडा! त्याची वाट उलटी होती. पण मी 'चल' म्हटलं.

मग रोज दुपारची लाँच गेली की मी फळीवर बसायची आणि तो माझ्यासाठी एक वडा सोडायचा. गिऱ्हाइकांना मोठा, मला लहान. "चाव... आणखी चाव," म्हणत समोर उभा राहायचा. एक वडा संपवायला मला इतका वेळ लागायचा की ठमीची अर्धी सुकट विकून व्हायची. आणि गंमत म्हणजे त्या एका वड्यानं मला पुरायचं. पेजेच्या दिवसांत झोपेत सुद्धा मला कढया दिसायच्या, त्या दिसेनाशा झाल्या.

संध्याकाळी बांधावरून चालायचं. दोन्ही बाजूंना मिठाची आगरं, वारा पदर ओढायचा. तो पुढे, मी मागे. मग कधीतरी तो हळू व्हायचा आणि मी त्याच्या बरोबरीनं चालू लागायचे.

"दमलीस?"

"न्हाय."

"मग हळू का चाललीस?"

"तू हळू चाललास म्हणून..."

घर दिसायला लागलं की मला त्या घराचाच राग यायचा.

एकदा असंच चालताना वळवाचा पाऊस आला. बाबा मिठागरात कामाला, आणि पाऊस आला की तयार मीठ डोळ्यांदेखत विरघळतं. बाबा आणि इतर माणसं झावळ्या घेऊन ढिगांकडे धावत होती. दिनानाथ बांधावरून उडी मारून आगरात उतरला, मीही उतरले. एका झावळीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. केसांतून पाणी गळतंय, पाय चिखलात रुतलेत... आणि तो माझ्याकडे बघून वेड्यासारखा हसतोय. ढीग वाचला. बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"कुनाचा रे तू? कामाचा दिसतोस."

त्या वेळी त्यानं एखादा माणूस आमच्या घरी धाडला असता ना, तर बाबांनी सखुबाईंची पाटली आनंदानं परत केली असती. मला आजही तसं वाटतं. पण त्याला वाटत होतं की मला मुंबई हवी आहे. आणि मला वाटत होतं की तो आपणहून काहीतरी बोलेल.

इकडे माझं अंग उतरत होतं. चोळ्या सैल झाल्या, दंड बारीक झाले. आई रोज न्याहरीनंतर पाटली घेऊन बसायची. पाटली अंगठ्यापर्यंत सरसर यायची. मग मी काय करायची, अंगठा ताठ करायची! आई ढकलायची, मी ताठ करायची. "जरासं राह्यलं गं," आई म्हणायची. जरासंच राहू दे, मी मनात म्हणायची. आखातीजेचा मुहूर्त जाऊ दे, मे संपू दे, सखुबाई कंटाळू देत. पाटली परत गेली की सगळंच सोपं होतं.

शेवटी आई वैतागली. "ठमीकडनं बघ," म्हणून तिनं पाटली माझ्या पदराला बांधून दिली. आमच्याकडच्या नवरीमुलींना बांगड्या भरायला सगळे ठमीलाच बोलवायचे. ठमीनं धक्क्यावरच माझा हात मांडीवर घेतला. मी अंगठा ताठ केला. तिनं दाबला, मी आणखी ताठ केला.

"अशी न्हाय ऐकायची ही. दिनानाथ, जरा तेल आण रे! आणि तूच चढव. माझे हात सुकटीचे, सोन्याला वास लागंल."

तो गार खोबरेल घेऊन आला. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं माझा हात हातात घेतला. पहिल्यांदाच! इतके दिवस बरोबर चाललो, पण बोटाला बोट लागलं नव्हतं. त्याचा तळवा कढईच्या चटक्यांनी खरबरीत झालेला. तो हळूहळू तेल चोळत होता, बोटांवर, मग अंगठ्याच्या मुळाशी... माझं सगळं अंग सैल पडलं. मेला तो अंगठा! त्याच्या हातात ताठ राहायचंच विसरला.

पाटली सर्रकन मनगटात गेली.

धक्क्यावरच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. ठमीनं माझी अलाबला घेतली. दिनानाथनं माझा हात सोडला... जरा उशिरानंच सोडला.

"झालं बघ. तुझं काम झालं," तो म्हणाला आणि हसला. ते हसू मला अजून दिसतं, ओठांवर होतं, डोळ्यांत नव्हतं. मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं, पण तो कढईकडे वळला होता. त्या दिवशीचा त्याचा सगळा घाणा करपला.

संध्याकाळी बाबांनी गावात साखर वाटली आणि मुंबईला सांगावा धाडला. तारीख वैशाखाच्या शेवटची ठरली. "नवरीनं उन्हात चालायचं न्हाय," म्हणून मला न्यायला गाडी येऊ लागली. बांध तुटला, चालणं तुटलं. मग मी काय करणार? वडे खाल्ले. एक, दोन, कधी तीन. घाईघाईनं, उभ्या उभ्या, लाँचवाल्यांसारखे. परवानगीचं नाव त्यानं काढलं नाही. नुसता पान पुढे करायचा आणि दुसरीकडे बघायचा.

हळदीच्या आदल्या दिवशी मी शेवटची धक्क्यावर गेले. सखुबाई दुपारच्या लाँचनं यायच्या होत्या. ठमी पाणी आणायला गेलेली. दिनानाथ माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"केसर... एक विचारू? तू खुशीत हायस ना?"

माझा बांधच फुटला. "आता विचारतोस? मेल्या, आता? मी रोज अंगठा ताठ करून बसायची, का माहीत हाय? ती चढू नये म्हणून! आणि तू... तूच चढवलीस!"

तो पांढराफटक पडला. "मला वाटलं तुला ती घालायची हाय. तुझ्यासाठी म्हणून... अगं, त्या दिवशी तुझा हात सोडताना काय झालं माझं..."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू तरी कुठं बोललीस?"

खाडीत लाँचचा भोंगा वाजला. तो एकदम खाली बसला आणि तेलाचा डबा ओढला. "तेलानं गेली, तेलानं निघंल. सखुबाईंनी काय सांगितलंय? पाटली परत दिली तर राग न्हाय. आता देऊ. मी देतो. तुझ्या बाबांच्या पायावर डोकं ठेवतो. हात दे."

मी हात दिला. एका क्षणाचाही विचार केला नाही, एवढं मात्र देवाशपथ सांगते.

त्यानं तेल ओतलं, चोळलं, ओढलं. पाटली हलली, अंगठ्यापाशी आली आणि रुतली. पुन्हा ओढली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हात लालबुंद झाला. पाटली तसूभर पुढे सरकेना. आम्ही दोघांनी त्या हाताकडे पाहिलं. गुबगुबीत झाला होता, पहिल्यासारखा.

"तुझे वडे रे..." मी म्हटलं.

"परवानगी एकाचीच होती," तो म्हणाला.

आणि आम्हाला हसू आलं. काय सांगू, त्या घटकेला आम्ही पोट धरून हसलो, आणि हसता हसता मी रडायला लागले. सोनाराकडं जाऊन कापावी, असं तो म्हणाला खरा, पण पुढं त्याचंच त्याला बोलवेना. आई गेलेल्या पोराच्या आईची पाटली ती. ती कापून कुणाच्या हातात ठेवायची? आणि ती हातात असताना बाबांसमोर उभं राहून 'नको' म्हणायचं बळ माझ्यात नव्हतं.

लाँच लागली. सखुबाई उतरल्या तशा माझा हात धरून म्हणाल्या, "अगो, हे तेल कसलं?"

"निघते का बघत होते, आत्याबाई."

"वेडी! आता कशाला निघतेय ती!" त्या खळखळून हसल्या.

दिनानाथनं एक लहानसा वडा पानात बांधून माझ्या टोपलीत ठेवला. एकच. पुढल्या खेपेला माहेरी आले तेव्हा टपरीच्या जागी नुसते चार खांब उभे होते.

शिवदास देवमाणूस निघाला. लग्नानंतर पहिल्यांदा एकत्र जेवायला बसलो तर माझ्या ताटात मूठभर भात. ते म्हणाले, "एवढंच? अगं, पोटभर जेव."

"तुम्हाला बारीक बायको हवी होती ना?"

"मला? मी कधी म्हटलं? आत्याचं खूळ ते," असं म्हणून त्यांनी स्वतःच माझ्या पानात भात वाढला. म्हणजे हे सगळं कुणासाठी केलं होतं मी?

संसार चांगला झाला. खोटं का बोलू? शिवदास गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

परवा मोरीत हात धूत होते. हल्ली अंगावर मांस उरलं नाही, मनगटं वाळलीत. साबणाचा हात झटकला आणि पाटली आपसूक निघून फरशीवर खणकन पडली. ओढावी सुद्धा लागली नाही. सून धावत आली.

"आई, काय पडलं?"

"काही नाही गं." मी पाटली उचलली, पुसली आणि पदराच्या गाठीला बांधली. स्वयंपाकघरातून तळणाचा वास येत होता. "मुलांसाठी वडे करतेयस ना? मला एक आण."

"डॉक्टरांनी तळलेलं नको म्हणून सांगितलंय, आई."

"एक चालतो," मी म्हटलं आणि पाटावर नीट मांडी घालून बसले. "सावकाश बसून खाल्ला तर एकाची परवानगी आहे मला."