कुंडी फुटली, पण फोडली कुणी?

“फुटली म्हणे! कुंडीला काय पाय होते, उडी मारायला?” चार्जिंगच्या कोपऱ्यात ठोंब्या पुटपुटत होता.

ठोंब्या म्हणजे शाल्मलीच्या घरचा यंत्रमानव आणि दुभाषा. घर चंद्रावरच्या वसाहतीत. शेजारच्या रोसाउराबाई चिली देशाच्या, त्यांची भाषा स्पॅनिश. त्यांनी आपलं लिंबाचं रोप शाल्मलीच्या आबांकडे, म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञ आजोबांकडे, सांभाळायला दिलं होतं. रोप वाचलं, कुंडीचे मात्र तुकडे झाले. घरातले सगळे एवढंच म्हणाले, “फुटली.” मग संशय आला ठोंब्याच्या डुगडुगत्या चाकांवर. आज संध्याकाळी त्याची स्मृती (साठवलेल्या सगळ्या आठवणी) पुसणार होते.

“तूच सांग ना रोसाउरामावशींना, मी नाही फोडली म्हणून!” शाल्मली रडकुंडीला आली.

“आरोपीनं केलेलं भाषांतर कोण मानेल, बाई? तूच शीक. ‘रोम्पेर’ म्हणजे फोडणं. त्याचं ‘एर’ हे शेपूट काप. उरला ‘रोम्प’ (धातू, म्हणजे क्रियापदाचा गाभा). आता त्याला भूतकाळाचं शेपूट लाव. मी फोडलं, रोम्पी. तू फोडलंस, रोम्पिस्ते. त्यानं किंवा तिनं फोडलं, रोम्पिओ.”

“आणि मी कुंडीऐवजी ग्लास फोडला तर? रोम्पा?”

ठोंब्याचे दिवे हसून लुकलुकले. “अस्सल मराठी चूक! ग्लास फोडला, कुंडी फोडली. आपलं क्रियापद फुटलेल्या वस्तूकडे बघतं. स्पॅनिश क्रियापद बघतं फोडणाऱ्याकडे. काहीही फोड, तू म्हणणार रोम्पीच.”

“सगळ्यांना हीच शेपटं?”

“‘इर’वाल्यांना हीच. विविर म्हणजे राहणं. विवी, मी राहिले. ‘आर’वाल्यांची निराळी. प्लांतार, रोप लावणं. प्लांते, प्लांतास्ते, प्लांतो. त्यातल्या ‘तो’वर जोर दे हं. जोर ‘प्लां’वर पडला, तर ‘त्यानं लावलं’चं ‘मी लावतो’ होईल! काही हट्टी क्रियापदं नियम पाळत नाहीत, पण ही शहाणी आहेत.”

रोसाउराबाई आल्या. शाल्मली पुढे झाली. “ठोंब्या नो रोम्पिओ ला मासेता.” (ठोंब्यानं कुंडी फोडली नाही.)

“किएन रोम्पिओ ला मासेता?” बाईंनी विचारलं. (कुंडी कुणी फोडली?)

आई छताकडे बघू लागली. आबांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. डब्यात हलवलेल्या रोपाला एक कोवळं पान फुटलं होतं. ते मात्र खरंच आपोआप.

“रोम्पी,” आबा म्हणाले. “ला मासेता... मी.”