ओट्यावरचा टॅबलेट

भूल देणारे डॉक्टर कशावरच एकदम विश्वास ठेवत नाहीत. शुभदाबाईंनी हॅलिफॅक्सच्या हॉस्पिटलात उभी हयात तेच काम केलं, आणि रिटायर झाल्यावरही ती खोड काही गेली नाही. त्यामुळे दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात बोटीसाठी टॅबलेट निवडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी दुकानदारांना अगदी सळो की पळो करून सोडलं. स्क्रीन भर उन्हात दिसते का? पोलराइज्ड गॉगल घातला की काळी पडते का? तापून मध्येच बंद होतो का? ओल्या बोटांना दाद देतो का? एका दुकानात तर त्यांनी विक्रेत्याला टॅबलेट घेऊन पार्किंग लॉटमध्ये उन्हात उभं केलं होतं. त्यानं बिचाऱ्यानं ऐकलंही.

समुद्राचा नकाशा दाखवणाऱ्या अ‍ॅपचीही तीच तऱ्हा. तीन अ‍ॅप उतरवून, तिन्हींत सेंट मार्गारेट्स बे हा आपला उपसागर उघडून, स्वतःच्या घरासमोरचा खडक कोण बरोबर दाखवतं हे त्यांनी ताडून पाहिलं. दोघांना तो खडक ठाऊकच नव्हता. तिसऱ्यानं तो दाखवला, वर भरती-ओहोटीला किती पाणी असतं तेही सांगितलं. बाईंनी ते अ‍ॅप पक्कं केलं.

एवढा आटापिटा उगाच नव्हता. त्यांचे यजमान हेमचंद्र मूळचे गुहागरचे. कॅनडात आल्यावर पूल बांधण्यात जन्म गेला, पण जीव पाण्यात अडकलेला. रिटायर होताच शहरातलं घर विकून बेच्या काठी घर घेतलं, स्वतःचा लाकडी धक्का बांधला आणि ‘आबोली’ नावाची शिडाची बोट घेतली. दर नारळी पौर्णिमेला बेच्या तोंडाशी, शट-इन आयलंडच्या पलीकडे जाऊन, समुद्राला नारळ द्यायचा हा त्यांचा नेम होता. दोन वर्षांपूर्वी ते असेच गेले आणि दुपारी धुकं आलं. दुसऱ्या दिवशी आबोली सापडली. शीड नीट गुंडाळलेलं, थर्मासात चहा तसाच. हेमचंद्र नव्हते. कोस्ट गार्डनं पाणी पिंजून काढलं, पण त्यांचा देह काही मिळाला नाही.

देह मिळाला नाही म्हणजे दहन नाही. अशा वेळी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग बाकीचं सगळं रीतीप्रमाणे करतात. हेमचंद्रांचे मित्र गुरुदत्त जहाजावर इंजिनियर होते. समुद्रानं ठेवून घेतलेली माणसं त्यांनी पाहिली होती. त्यांनी गुरुजींना विचारून ठेवलं, शुभदाबाईंना दोनदा सुचवलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. गवताची बाहुली जाळून मी त्यांना गेलेलं ठरवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. एरवी देवधर्माच्या वाटेला न जाणारी बाई, पण या एका गोष्टीला हट्टानं अडून बसली.

आणि आता मुलगा, शंतनु, कॅनडातल्याच वॉटर्लूहून येणार होता. तिथे तो सॉफ्टवेअरमध्ये. त्या वर्षी नारळी पौर्णिमा नेमकी नेटल डेच्या, म्हणजे इथल्या ऑगस्टातल्या सोमवारच्या, सुट्टीला आली होती. बाबांच्या जागी जाऊन मी नारळ देतो, मग बोट विकून टाकू, असं त्यानं फोनवर सांगितलं. एकुलता एक मुलगा, तेच पाणी, तोच दिवस. पण नाही म्हणाल्या असत्या तर तो न सांगता गेला असता, हेही त्या ओळखून होत्या. म्हणून टॅबलेट.

त्यांनी दोन घेतले. बोटीवरचा सिमवाला, कारण जीपीएसची चिप त्याच्यातच असते. सिम घाला न घाला, आकाशातून जागा त्याला कळते. दुसरा स्वस्तातला, नुसता वायफायवाला, घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायला. त्याला स्वतःची जागा कळत नाही, पण बोटीवरून शंतनु आपली जागा शेअर करणार होता आणि ती हिरव्या ठिपक्यानं घरच्या नकाशावर दिसणार होती. शंतनुनं फोनवरूनच स्वतःच्या नावाचं नवं खातं उघडलं. घरच्या टॅबलेटला मात्र बाईंनी हेमचंद्रांचंच जुनं खातं लावलं. तेही हेच अ‍ॅप वापरायचे, त्यामुळे त्यावर नकाशे आधीच विकत घेतलेले होते. एकदा घेतलेली वस्तू परत कशाला घ्यायची? आपल्याकडची कुठलीही शहाणी बाई हेच करील.

जुलैत एका धुक्याच्या संध्याकाळी त्या भेंडी चिरत होत्या. ओट्यावर टॅबलेट उघडा होता. क्राउचर आयलंडच्या दक्षिणेला, पाण्यात, एक निळा ठिपका होता.

निळा म्हणजे खातेदार स्वतः.

बाईंनी हात पुसले, चष्मा लावला. अ‍ॅपमध्ये काहीतरी जुनं राहिलं असेल, असं मनाशी म्हटलं आणि भेंडी परतून झाल्यावर पुन्हा पाहिलं. ठिपका बेटाला वळसा घालून या बाजूला आला होता.

त्यांनी गुरुदत्तना बोलावलं. गुरुदत्तनी टॅबलेट उलटासुलटा करून मॉडेल पाहिलं.

“वहिनी, यात चिपच नाही,” ते म्हणाले. “वायफायवरून फार तर घराचा अंदाज येईल. पाण्यातली जागा हा आणणार कुठून?”

त्यांनी अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं. ठिपका गेला. चहा घेताना त्यांनी दर्भाच्या विधीचा विषय तिसऱ्यांदा काढला. बाईंनी पोहे वाढले आणि विषय बदलला.

धुक्याच्या पुढच्या दिवशी ठिपका परत आला. स्वच्छ उन्हात कधीच दिसत नसे. खिडकीबाहेरची स्प्रूसची झाडं दिसेनाशी झाली, ओल्या लाकडाचा आणि शेवाळाचा वास घरात शिरला, की नकाशावर तो कुठेतरी असायचा. वेगही शिडाच्या बोटीचा. बाईंनी वारा लिहून घेऊन पडताळा पाहिला. वारा समोरून असला की ठिपका शिडाच्या बोटीसारखाच नागमोडी यायचा, पाठीशी वारा असला की सरळ. दर वेळी तो घराच्या थोडा अधिक जवळ येई आणि समोरच्या खडकाशी थबकून माघारी फिरे. वाट सापडत नसल्यासारखा.

त्यांनी गुरुदत्तना पुन्हा काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ते खातं काढायला लावलं असतं, आणि ते बाईंना नको होतं. खरं सांगायचं तर त्यांना आनंद होत होता. दोन वर्षं रिकाम्या घरात काढलेलं माणूस ते, आनंद कुठून आला असं विचारत नाही. त्या ओट्याशी स्टूल ओढून बसायच्या. काल काय केलं, कोणाचा फोन आला, सगळं ठिपक्याला सांगायच्या. त्यांना ‘शुभा’ म्हणणारं तेवढं एकच माणूस होतं. उठताना म्हणायच्या, “या ना आता घरी.”

शंतनु आला तेव्हा आठवडाभर आभाळ निरभ्र होतं. त्यानं बोट धुतली, टॅबलेट वॉटरप्रूफ केसमध्ये घालून स्टॅंडवर बसवला, नकाशे उतरवून घेतले, कारण बेच्या तोंडाशी सिग्नलचा भरवसा नसतो. गुरुदत्त दोनदा त्याच्याबरोबर जाऊन आले. हात चांगला आहे, म्हणाले, फक्त धक्क्याला बोट लावायला पोराला तीन-तीन फेऱ्या लागतात. बाईंच्या ओठावर कितीदा तरी आलं की तुझ्या बाबांचा ठिपका दिसतो. पण मुलानं तो पुसला असता. त्यांनी तोंड मिटून ठेवलं.

पौर्णिमेला शंतनु जेवून निघाला. बाईंनी नारळाला हळदकुंकू लावलं, त्याच्या हातावर दही घातलं. गुरुदत्तनी बरोबर येतो म्हटलं, पण शंतनुला एकट्यानंच जायचं होतं. हिरवा ठिपका धक्क्यावरून सुटला आणि झोकात दक्षिणेला निघाला. बाई डोळ्यांत तेल घालून बसल्या.

ठिपका शट-इन आयलंडशी पोचत होता तेव्हा खिडकीबाहेरचा धक्का दिसेनासा झाला.

फोन वाजला. “आई, फॉग आलाय. बट डोन्ट वरी, टॅबलेट परफेक्ट चाललाय. नारळ देतो आणि वळतो.”

“आत्ताच वळ,” बाई म्हणाल्या. “नारळ राहू दे.”

पण फोन कट झाला होता, आणि मग लागला नाही.

हिरवा ठिपका बेटापलीकडे थांबला. त्यांनी गुरुदत्तना फोन केला, कोस्ट गार्डला केला. सिग्नल गेला असेल, म्हणून ठिपका हलत नसेल, असं त्यांना सांगण्यात आलं. बाईंनी स्वतःलाही तेच सांगितलं.

मग निळा ठिपका उगवला.

तो हिरव्याकडे निघाला. सरळ, न अडखळता.

बाईंचा जीव भांड्यात पडला. बेचा खडक न् खडक ठाऊक असलेला माणूस होता तो. त्यांनी दोन्ही तळवे काचेशेजारी टेकले आणि मोठ्यानं म्हटलं, “अहो, त्याला घेऊन या. घरी या.”

दोन्ही ठिपके एकावर एक आले. बराच वेळ तसेच राहिले.

मग निळा सुटा झाला आणि घराकडे निघाला. हिरवा तिथेच होता.

अ‍ॅपचा घोटाळा, बाई पुटपुटल्या. रंग बदलले असतील. निळा क्राउचर आयलंडच्या बाजूनं आला. समोरच्या खडकाशी आला. या वेळी थबकला नाही.

बाहेर आबोलीच्या छोट्या इंजिनाचा आवाज ऐकू आला.

त्या दाराशेजारच्या बटणानं बाहेरचा, धक्क्यावरचा दिवा लावून तशाच चपला न घालता धावल्या. आबोली धुक्यातून आली ती एका वळणात धक्क्याला लागली. शंतनुनं बसल्या जागेवरून दोरी खांबावर टाकली. बाईंनी त्याचा चेहरा, खांदे, मनगटं चाचपून पाहिली. नाडी लागत होती. हात गार होते, तेवढंच. त्या रडल्या. कोस्ट गार्डला आणि गुरुदत्तना मुलगा आल्याचं कळवलं. गुरुदत्त निघालो होतो म्हणाले, आता सकाळीच येतो.

टॅबलेट कुठाय, असं त्यांनी विचारलं. पाण्यात पडला, तो म्हणाला. पिशवीतून त्यानं नारळ काढून ओट्यावर ठेवला. हळदकुंकू धुऊन गेलं होतं. दिला नाहीस, असं विचारल्यावर तो म्हणाला, आता कशाला, आणि अंघोळीला वर गेला.

बाईंनी चहाचं आधण ठेवलं. संध्याकाळ व्हायला आली होती. वर शॉवर चालू होता. त्यांनी टॅबलेटकडे पाहिलं.

निळा ठिपका घरावर होता.

हिरवा बेटाशी होता. पाण्यात पडलेला टॅबलेट, शेवटचा सिग्नल तिथलाच राहिला, असा विचार त्यांनी नीट, सावकाश केला. तो पुरा व्हायच्या आत हिरवा ठिपका हलला.

तो बेटाभोवती फिरला. उघड्या समुद्राकडे गेला, परत आला. पुन्हा चुकीच्या बाजूला वळला. खाली बारीक अक्षरात नाव होतं: शंतनु.

बाई दाराशी गेल्या. धक्क्यावरचा दिवा धुक्यात पिवळा पडला होता. त्यांनी दार सताड उघडलं. ओट्यावर, काचेत, हिरवा ठिपका किनाऱ्याच्या दिशेला वळला. अगदी हळू.

वरचा शॉवर बंद झाला.

“शुभा,” जिन्यावरून शांत आवाज आला, “बाहेरचा दिवा मालव. आलोय ना मी.”

त्या दिव्याच्या बटणावर हात आडवा धरून उभ्या राहिल्या. पावलं जिना उतरून आली, मागे थांबली. त्यांच्या खांद्यावरून एक ओला हात पुढे आला, त्यानं त्यांची बोटं एकेक करून हलकेच बाजूला केली आणि दिवा बंद केला.

हात शंतनुचाच होता.