म्हैस क्रमांक २१४

म्हैस क्रमांक २१४ शेवटी चारही पाय टेकत छावणीतून चालत गेली. पण छावणीच्या नोंदीत ती गेलेलीच नाही, तेव्हा आपणही तसं काही घडलंच नाही असं धरून चालू.

मुळात ती म्हैस नव्हती, घोडी होती. दोन हजार एकोणीसच्या दुष्काळात वडवणीजवळ दूध संघानं चारा छावणी उघडली. चारा फक्त गाई-म्हशी-बैलांना; कानातल्या बिल्ल्याचा बारकोड रोज मोबाइलवर वाचायचा. घोड्याचा रकानाच नव्हता. सिदू धनगराची घोडी लंगडत आली, तेव्हा संघाचे डॉक्टर गहिनीनाथ यांनी तिच्या कानात म्हशीचा बिल्ला ठोकला. मोबाइलनं हूं की चूं केलं नाही.

सिदूला मेंढरं गोदाकाठाला न्यायची होती, आणि त्याचं सगळं बिऱ्हाड घोडीच्याच पाठीवर. तीन दिवसांत तिनं पाय टेकला नाही, तर तिला इथंच सोडून जावं लागणार होतं. हे सांगताना तो घोडीकडं बघत नव्हता.

डॉक्टरांकडं उष्णता टिपणारा कॅमेरा होता. म्हशींच्या कासेची सूज, म्हणजे दगडी, वेळेत कळावी म्हणून संघानं घेतलेला. सुजलेली जागा त्यात लाल दिसते, थंड जागा निळी. ऊन चढायच्या आत त्यांनी तो घोडीच्या पुढच्या डाव्या पायावर धरला.

गुडघ्याखाली लाल डाग होता. डागाला पाच बोटं होती.

डॉक्टरांनी कॅमेऱ्याची काच पुसली. मग चष्मा पुसला. बोटं सावकाश खाली सरकत होती, तेल चोळावं तशी. पायाजवळ कुणीच नव्हतं. करंगळी अर्धीच होती.

"दाव्यात अडकून तुटलीय ती," सिदू पडद्याकडं बघत म्हणाला. "आमच्या मनकर्णाची हाय."

मनकर्णा, त्याची बायको, दहा पावलांवर चुलीपुढं बसून एका हातानं भाकरी थापत होती. डाव्या. डॉक्टरांनी कॅमेरा तिकडं वळवला. चूल तापून पांढरीफटक, बाई लाल. मांडीवर ठेवलेला उजवा हात मनगटापासून निळा.

त्यांनी विचारलं, हात एवढा गार कसा.

"कामावर गेलाय," ती म्हणाली. "तुमचा गुडघा कवापासून दुखतोय?"

डॉक्टर मोटारसायकलवरून पडले होते. ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

अहवालात त्यांनी 'म्हशीस किरकोळ मुरगळ' असं लिहिलं. तिसऱ्या दिवशी घोडीनं पाय टेकला आणि भांडी, घोंगड्या, चार कोंबड्या पाठीवर घेऊन ती गेवराईच्या वाटेला लागली.

आठवड्यानं सिदूचा फोन आला. घोडी ठणठणीत होती. मनकर्णा मात्र अजून डाव्या हातानंच जेवत होती.

"हात तिकडंच ऱ्हायलाय का, बघा सायेब. इकडं लई कामं पडलीत."

डॉक्टर हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं, गुडघा दुखायचा थांबलाय.

त्यांनी खोलीचं दार लावलं.

पँट वर केली.

कॅमेरा धरला.

करंगळी अर्धी होती.

चार दिवसांनी संघाच्या कार्यालयात त्यांचा अर्ज पोचला: 'सदर हातास बारकोड नसल्याने तो छावणीतून कमी करता येत नाही. काल तो बरगडीपाशी होता. अर्जदाराच्या गळ्यास कोणतेही दुखणे नाही, तरी हात तिकडेच सरकत आहे. सबब तो मूळ मालकिणीकडे गोदाकाठी पोहोचविण्यासाठी एक वाहन तातडीने मंजूर व्हावे, ही विनंती.'