ओवाळणीची गाडी

"तेज्या, पुन्हा हॉर्न वाजवलास ना, तर कान उपटीन!" उन्नती ओरडली.

तेजसने लगेच दोनदा वाजवला! मागच्या सीटवर त्यांचा मामेभाऊ प्रीतम खो खो हसत सुटला. दिवाळीची सुट्टी, भाऊबीजेची सकाळ, आणि दिवाळे गावात चक्क त्यांच्या दारात पांढरी व्हॅन! प्रीतमचे बाबा, म्हणजे कमळाकरमामा, द्रोणागिरीला जुन्या गाड्या विकायचे. ही त्यांनी बहिणीसाठी आणली होती. मासळीची पाटी दिसली की रिक्षावाले मेले थांबायचेच नाहीत, आणि बेलापूरच्या बाजारापर्यंत आईची रोज फरपट व्हायची. ती आता संपणार होती. गाडीच्या बदल्यात आई मामांना आपला हार देणार होती. सोनं म्हणून तेवढंच काय ते तिच्याकडे होतं.

"तुर्भ्याला गॅरेजात एकदा दाखवून आनू," बाबा म्हणाले होते. त्यावर आई केवढी भडकली!

"भाऊ ओवाळनीच्या ताटात चावी टाकतोय, आनि मी ती मेकॅनिकला दाखवू? लोकं थुंकतील तोंडावर!"

झालं. तो विषय तिथेच संपला.

"एवढं अत्तर कशाला मारलंय रे गाडीत?" उन्नतीने नाक मुरडलं.

"नवीन सीटकव्हरचा वास असेल गं," प्रीतम म्हणाला.

तेवढ्यात तेजसची लवंगी फटाक्यांची माळ पुढच्या सीटखाली पडली. त्याने हात घालून खालचं कार्पेट उचकटलं. "शी! हे काय?"

राखाडी, वाळलेला गाळ! त्यात एक इवलीशी शिंपली! उन्नतीने बोट नाकाशी नेलं. खाडीचा गाळ तिला न ओळखता येईल का? तिने पुढचा सीटबेल्ट टोकापर्यंत ओढला. आतल्या टोकाला तोच गाळ चिकटला होता.

"ही गाडी बुडालेली आहे! खाऱ्या पाण्यात!"

प्रीतमचं हसू पार मावळलं. "पावसाळ्यात आमच्या यार्डात भरतीचं पाणी शिरलं होतं. बाबांनी सगळ्या गाड्या धुवून घेतल्या."

"अरे, बाबांच्या होडीचं इंजिनपण धुतलं होतं! तरी वायरी आतून सडल्याच. ही कुठेतरी रस्त्यात बंद पडणार आणि आईचा हार गेला तो गेलाच!"

"मग आत्याला सांग ना. मला नाही जमणार."

"ती भावाविरुद्ध चकार शब्द ऐकून घेत नाही. तिला दाखवायलाच हवं!"

तिघांनी डोकी जवळ आणली. प्रीतम सगळ्यात शेवटी "हो" म्हणाला.

दुपारी ओवाळणं झालं. मामांनी ऐटीत ताटात चावी टाकली. शेजारणींनी टाळ्या वाजवल्या! आई हार आणायला वळली.

"आई, थांब! आधी गाडीत बस, फोटो काढते!" उन्नती म्हणाली. आई पुढच्या सीटवर बसली, तशी ती मामांकडे वळली. "मामा, तिला बेल्ट लावा ना!"

"राहू दे गं, साडी चुरगळेल," मामा घाईघाईने म्हणाले.

"लावा ना, बाबा. पूर्ण ओढून लावा." प्रीतम बाबांकडे न बघता म्हणाला.

तेजसला कुठला दम निघतोय! त्याने स्वतःच सर्रकन बेल्ट ओढला. वाळलेल्या गाळाच्या खपल्या आईच्या नव्या अबोली साडीवर पडल्या.

आईने चिमटीत घेऊन वास घेतला. मग भावाकडे पाहिलं.

"कमळ्या, ही गाडी बुडाली होती?"

"अगं, धुतलीय ना! मस्त चालते. धंद्यात एवढं चालतं, गीता."

"परक्याची असती तर तपासून घेतली असती रे," आई गाडीतून उतरत म्हणाली. "भाऊ म्हनून नाय तपासली."

मामांनी ताटातली चावी उचलली. "चल, प्रीतम!"

प्रीतम सगळी सुट्टी इथेच राहणार होता. आता तोही गाडीत जाऊन बसला. उन्नतीने हाक मारली, तरी त्याने मान वर केली नाही. उन्नतीला स्वतःचाच राग आला. आईचं वाचलं खरं, पण त्याचं काय?

"वाघीन हाय तुझी पोर, गीता!" शेजारणी म्हणत होत्या. बाबांनी तेजसला खांद्यावर घेतलं. शाबासक्यांचा नुसता पाऊस!

उन्नती आईमागे आत धावली. आईने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"शानी गं माझी बाय. माझं सोनं वाचवलंस."

मग हात सोडून ती भिंतीकडे वळली.

"आता जरा बाहेर जा. मला भाऊ एकच होता. रडू दे मला."