चोविसावा ठसा

कापडाची गाठ सुटली आणि छापखान्यात सगळेच पुढे वाकले.

आत ठसा नव्हता. तळहातावर मावेल एवढा, घासूनपुसून गुळगुळीत केलेला कोरा लाकडी ठोकळा होता.

"बाई, हे काय?" नातीचा आवाज चिरकला. "आजोबांचा शेवटचा ठसा कुठे गेला?"

जुळारीणबाईंनी ठोकळा उचलून उजेडात धरला. पस्तीस वर्षं त्या या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवत होत्या. उलटं अक्षर सुलटं वाचायची त्यांना इतकी सवय झाली होती, की बाई माणसंही उलटी वाचतात, असं लोक म्हणत.

आजोबांच्या ठशांचं प्रदर्शन दोन दिवसांवर आलं होतं. ठसेआजोबा समुद्रापलीकडून आले तेव्हा त्यांना इथली भाषा येत नव्हती. दोरखंडाच्या कारखान्यात लागले, मग गोदीत, मग भट्टीवर. दिवसभर राबायचं आणि सुट्टीच्या दिवशी लाकडावर कोरायचं. काय कोरायचं? तर राबणारी माणसं. हमाल, दोर वळणाऱ्या बाया, भट्टीवाला, इस्त्रीवाली. असे तेवीस ठसे पुस्तकासाठी छापून झाले होते. चोविसावा त्यांनी कापडात बांधून बाईंच्या हाती दिला होता. "हा शेवटी उघडा. माझ्यासमोर." त्यानंतर चारच दिवसांत त्यांना अर्धांगाचा झटका आला.

"कोणी पाहिला होता तो?" फौजदारांनी आल्याआल्या विचारलं.

"कोणीच नाही," बाई म्हणाल्या. "एका रविवारी ते एकटेच इथे आले, हाताच्या प्रेसवर एक प्रत काढली आणि घरी घेऊन गेले. आता तीही सापडत नाही."

"चोरी केव्हा झाली असेल?"

"शनिवारी दुपारी. सकाळी कपाट पुसताना मीच पुरचुंडी हलवली होती. कापडातून कोरीव रेघा बोटांना लागल्या. दुपारी मशीनचा पट्टा तुटला आणि आम्ही सगळे मागे धावलो. पुढच्या खोलीत तेव्हा तिघं येऊन गेले. कपाटाला नुसती कडी होती." त्या थांबल्या. "कुलूप लावायला हवं होतं. चूक माझीच."

"कोण तिघं?"

पहिले, दोरखंड कारखान्याचे धाकटे मालक. दुसरी, गल्लीतली इस्त्रीवाली. तिसरे, दुभाषेसाहेब. आजोबांच्याच मुलखातून आलेले, पण त्यांच्या आधी. परदेशी कामगारांच्या मंडळाचे ते आता अध्यक्ष होते. पुस्तकाची त्यांच्या मुलखाच्या भाषेतली प्रस्तावना तपासायला ते रोज येत.

फौजदारांनी ठोकळा उलटासुलटा केला. "लाकूड कुठलं?"

नात हळूच म्हणाली, "आमच्याच घरातलं. आजोबांच्या पेटीत असे कोरे ठोकळे असतात."

फौजदारांची नजर तिच्यावर खिळली. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

*

धाकटे मालक खुर्चीत बसायला तयार नव्हते.

"शनिवारी छापखान्यात कशाला आला होतात?" फौजदारांनी विचारलं.

"विनंती करायला. आमच्या कारखान्याचं चित्र पुस्तकातून काढा, म्हणून."

"का?"

"तुम्हाला ठाऊक नाही? एकोणतीस वर्षांपूर्वी तिथे आग लागली होती. अकरा बाया गेल्या. लोक आता कुठे विसरताहेत."

"दार बंद होतं म्हणे," बाई मधेच म्हणाल्या.

"पहारेकऱ्याने कुलूप घातलं होतं! तो दारू पिऊन पडला होता. चौकशीत सिद्ध झालंय. माझ्या वडिलांचा काही संबंध नव्हता. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो हो!"

"आजोबांच्या घरी कधी गेला होतात?"

"जन्मात कधी नाही. त्यांनी मला उंबऱ्यावरही उभं केलं नसतं."

इस्त्रीवालीने इस्त्री खाली ठेवलीच नाही. बाई आणि फौजदार समोर उभे असतानाही कपडे दाबत राहिली.

"माझं चित्र पाहायला गेले होते. पंधरावं. कोणी नव्हतं, परत आले."

"चोविसावं पाहायचं नव्हतं?" फौजदारांनी विचारलं.

इस्त्री अडखळली. कापडावर जराशी पिवळी खूण उठली.

"त्यात आगीचं काही आहे, असं लोक म्हणत होते. मला भीती वाटली, बाई. तो पहारेकरी माझा बाप. तुरुंगातच गेला. आता त्याला चित्रात पण दारुडा दाखवला, तर मी या गल्लीत तोंड कसं दाखवू?"

बाहेर आल्यावर फौजदार म्हणाले, "हिच्याकडे कारण आहे. मालकाकडे कारण आहे. नातीच्या घरात ठोकळा आहे. सगळ्यांचंच पाणी गढूळ दिसतंय."

बाई छापखान्याच्या वाटेला लागल्या.

*

दुभाषेसाहेब आपण होऊनच छापखान्यात आले. पांढरेशुभ्र कपडे, खांद्याला चामड्याची पिशवी, बोलण्यात खडीसाखर.

"ऐकून फार वाईट वाटलं. माझी पिशवी आधी तपासा, म्हणजे मनात किल्मिष नको."

"आज तपासून काय मिळणार?" बाई हसल्या. "आजोबांकडे तुम्ही किती दिवसांनी जाता?"

"रोज. झटक्यानंतर ते इथली भाषा पार विसरले. आमच्या मुलखाची तेवढी राहिली. माझ्याशिवाय बोलणार कोणाशी?"

"नातीला येत नाही?"

नातच म्हणाली, "शिकवलीच नाही त्यांनी. म्हणायचे, इथलीच नीट शीक. दुसऱ्याच्या तोंडाने बोलायची वेळ तुझ्यावर येऊ नये."

दुभाषेसाहेबांनी मान हलवली. "स्वाभिमानी माणूस. पण एक सांगू? प्रदर्शन थांबवू नका. तेवीस ठसे काय कमी आहेत? घाम, हत्यारं, यंत्रं, सगळं आहे त्यात. एका टेबलखुर्चीच्या चित्रावाचून कोणाचं अडणार आहे?"

"खरंय," बाई म्हणाल्या आणि खिळ्यांच्या खणात बोटं फिरवत राहिल्या.

ते गेल्यावर मात्र त्या तडक हाताच्या प्रेसपाशी गेल्या. छापायच्या कागदामागे मऊपणासाठी जाड कागद घालतात. आजोबांच्या त्या रविवारनंतर या प्रेसला कोणी हात लावला नव्हता. बाईंनी तो जाड कागद अलगद काढला आणि त्यावर पेन्सिल आडवी धरून हलकेच घासू लागल्या.

दाबाने उमटलेल्या खुणा हळूहळू वर आल्या. एक टेबल. त्यामागे खुर्चीत बसलेला माणूस, हातात लेखणी. समोर टोपी छातीशी धरून उभा असलेला एक. दोघांच्या मधे तिसरा. त्याचं तोंड तेवढं उघडं होतं. चेहरे मात्र पुसट होते.

"आग कुठे आहे यात?" नात कुजबुजली. "आणि काम कोण करतंय?"

"कोणीतरी करतंय, पोरी," बाई म्हणाल्या. "चल, आजोबांना भेटू."

*

आजोबा उशीला टेकून बसले होते. उजवा हात निर्जीव, डोळे मात्र लख्ख. दुभाषेसाहेब उशाशीच होते.

"त्यांना विचारा," बाई म्हणाल्या, "ठसा कोणी नेला असं त्यांना वाटतं?"

दुभाषेसाहेबांनी विचारलं. म्हातारा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलला. चार वाक्यं. बाईंनी पदराआडून कागद काढला आणि कानावर आलं तसं लिहून घेतलं.

"काय म्हणाले?"

दुभाषेसाहेबांनी सुस्कारा सोडला. "म्हणाले, कारखान्याच्या मालकाचाच हात आहे. जुनं वैर आहे. त्यांना पकडा."

"एवढंच?"

"एवढंच."

"ते चार वेळा 'ओर्वेन' म्हणाले. त्याचा अर्थ काय?"

दुभाषेसाहेबांनी आजोबांची चादर सारखी केली.

"ओर्वेन? मालक."

"अस्सं," म्हणून बाईंनी कागदाची घडी घातली.

तिथून त्या घरी गेल्या नाहीत. बंदरावर गेल्या. त्या मुलखातलं एक जहाज कालच धक्क्याला लागलं होतं. जहाजाची स्वयंपाकीण फळीवर बसून कांदे सोलत होती. तिला इथली भाषा मोडकीतोडकी येत होती. बाईंनी कागद काढला आणि लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. पहिल्या वाक्याला ती हसली. चौथ्या वाक्याला तिने सुरी खाली ठेवली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. फौजदार, धाकटे मालक, नात, कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिलेली इस्त्रीवाली, उशाशी दुभाषेसाहेब. आणि दाराशी जहाजाची स्वयंपाकीण. तिला पाहून दुभाषेसाहेबांनी पिशवी पोटाशी धरली.

"आधी ठोकळ्याचं बोलू," बाई म्हणाल्या. "तो या घरातला. चोराचं या घरात जाणंयेणं हवं. धाकटे मालक इथे कधी आले नाहीत. इस्त्रीवाली आलीय?"

"आजच पहिल्यांदा," नात म्हणाली.

"मग उरलीस तू आणि दुभाषेसाहेब. तू शनिवारी दिवसभर आजोबांपाशी होतीस. शेजाऱ्यांना विचारून घेतलंय मी, राग मानू नकोस. छापखान्यात आले ते दुभाषेसाहेब."

"हा निव्वळ तर्क आहे," दुभाषेसाहेब म्हणाले.

"तर्कच. पण काल तुम्ही म्हणालात, एका टेबलखुर्चीच्या चित्रावाचून काय अडतंय. पुरचुंडी कोणी सोडली नव्हती. हे चित्र मला पेन्सिल घासल्यावर दिसलं, तेही तुम्ही गेल्यावर. तुम्हाला आधीच कसं ठाऊक होतं?"

फौजदारांनी तो जाड कागद सगळ्यांसमोर धरला.

"ही चौकशीची खोली आहे," बाई सांगू लागल्या. "खुर्चीत अधिकारी. टोपी धरून उभे आहेत ते आजोबा. आगीच्या वेळी ते कारखान्यात होते, पण त्यांना इथली भाषा येत नव्हती. त्यांची साक्ष दुसऱ्याच्या तोंडून झाली. हा मधला, उघड्या तोंडाचा. आजोबांनी तेवीस कामकरी कोरले. चोविसावा कामकरी आहे दुभाषा."

इस्त्रीवालीने भिंतीला हात टेकला.

"आणि 'ओर्वेन'चं काय?" फौजदारांनी विचारलं.

"मी उभा जन्म न कळणाऱ्या भाषांचे मजकूर जुळवलेत, साहेब. अर्थ कळला नाही तरी आमच्या धंद्यात अक्षर गाळता येत नाही. आजोबा चार वेळा ओर्वेन म्हणाले. दुभाषेसाहेबांच्या सांगण्यात मालक एकदाच आला. बाकीचे तीन गेले कुठे? सांग गं, बाई."

स्वयंपाकीण चाचरत बोलली. "ओर्वेन म्हणजे दुसऱ्याला तोंड देतो तो. दुभाषा. आजोबा म्हणाले, दुभाष्याने नेला असेल तर नेऊ दे. दुभाष्याला थोडा वेळ द्या. दुभाष्याने आपल्याच तोंडाने सांगावं. दुभाष्यावर रागावू नका."

बाई दुभाषेसाहेबांकडे वळल्या. "हे त्यांनी तुमच्या डोळ्यांत बघून सांगितलं. आणि तुम्ही त्याचं काय केलंत? निरपराध माणसावर आळ घातलात. दुसऱ्यांदा."

दुभाषेसाहेब मटकन खाली बसले. त्यांनी पिशवीचा पट्टा सोडवला. मग आत हात घातला आणि रुमालात गुंडाळलेला ठसा बाहेर काढला.

"मी तेवीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "थोरले मालक म्हणाले, नीट बोललास तर तुम्हा सगळ्यांना कामावर ठेवतो. नाहीतर पुढच्या जहाजाने तुमचा सगळा मुलूख परत पाठवतो. हे आजोबा इथली भाषा शिकले तेव्हा त्यांना कळलं, मी त्यांच्या तोंडी काय घातलं ते. इतकी वर्षं एक शब्द बोलले नाहीत. मागच्या महिन्यात म्हणाले, मी म्हातारा झालो, आता तो दिवस कोरतोय. तू आधी सांगून टाक."

"प्रत कुठे आहे?" फौजदारांनी विचारलं.

"जाळली. ठसाही जाळायला गेलो होतो. तीनदा. पण त्यात माझ्या डोळ्यांत पाणी आहे, साहेब. त्या दिवशी खरंच आलं होतं. कोणी पाहिलं असेल असं वाटलं नव्हतं."

धाकटे मालक खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. फौजदारांनी वही उघडली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "साक्ष अजून झालीच नाही. दुभाषेसाहेब, उठा. त्यांना विचारा, त्या दिवशी त्यांनी काय पाहिलं. ही दारातली ऐकतेय. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर ती सांगेल."

दुभाषेसाहेब उठले आणि आजोबांच्या पलंगाशी गेले. त्यांनी विचारलं. म्हातारा बोलू लागला, थांबत, दम घेत. या वेळी दुभाषेसाहेब प्रत्येक वाक्यामागून वाक्य देत गेले.

"दार बाहेरून बंद होतं. पाळी सुटायच्या आधी बाया बाहेर जाऊ नयेत म्हणून. किल्ली थोरल्या मालकांच्या खिशात होती. मालक गाडीत बसून निघून गेले."

इस्त्रीवाली पुढे आली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तिला भान नव्हतं.

"माझा बाप?" तिने विचारलं. "तो कुठे होता?"

दुभाषेसाहेबांनी विचारलं. आजोबांनी डावा हात उचलला आणि हवेत वरून खाली, वरून खाली मारला.

"तुमचे वडील कुऱ्हाडीने दार फोडत होते," दुभाषेसाहेब म्हणाले. "हात भाजले तरी फोडत होते. सात बाया त्यांनी बाहेर काढल्या. ते दारू प्यायले नव्हते."

इस्त्रीवाली पलंगाच्या कडेला टेकली. दोन्ही हात तिने मांडीवर उताणे ठेवले.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

आणि दुभाषेसाहेबांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.