छताकडची बाजू

दर वर्षी पहिल्या तासाला शार्दूल पिंगुळकर शरीररचनेच्या नव्या विद्यार्थ्यांना ताठ उभे करी. नजर समोर, तळवे पुढे. "माणूस उताणा असो की पालथा," शवागाराच्या गारव्यात तो जवळजवळ स्वतःशीच बोले, "आपल्या शास्त्रात तो कायम असाच उभा असतो. छातीपोटाकडचे ते अग्र, पाठीकडचे ते पश्च."

"मेल्यावरही उभंच का, सर?" मागच्या रांगेतून कुणीतरी विचारी, आणि वर्ग हसे.

या वर्षीही हसला. शार्दूल मात्र या वेळी 'पश्च' या शब्दापाशीच अडखळला होता. तो तास अर्धवट सोडून वरच्या मजल्यावरच्या वॉर्डाकडे निघाला.

तिथे यासीनचाचा होते. मिरजेत चाळीस वर्षे सतारी घडवलेला माणूस. माळ्यावरून वाळलेले भोपळे काढताना पडले आणि मानेतल्या मज्जारज्जूला इजा होऊन उजवा हात गेला. पूर्वी अशा हातावर पाणी सोडावे लागे. आता रुग्णाच्याच पेशींपासून आगकाडीएवढा जिवंत मज्जासेतू वाढवता येई आणि यंत्रबाहू तो तुटल्या जागी बसवी. सेतूचे वरचे टोक यंत्र स्वतः जुळवी. खालची मुळे अपघातात विस्कटलेली असत. तिथे अग्र मुळे कोणती हे ओळखून त्यांवर निळी खूण शरीररचनेच्या जाणकाराने करायची, असा नियम होता. अग्र मुळांतून मेंदूची आज्ञा स्नायूंकडे जाते, पश्च मुळांतून स्पर्श मेंदूकडे येतो. माणसाच्या हाती एवढीच एक खूण उरली होती.

"तारा नीट लावा हां, साहेब," शस्त्रक्रियेपूर्वी चाचा हसून म्हणाले होते. "तार चुकली तर माझं गिऱ्हाईक निदान सतार परत तरी आणतं."

आठ वर्षे शार्दूलने शवे विच्छेदली होती, आणि शव नेहमी उताणे असते. छताकडची बाजू ती अग्र. चाचांना मात्र पालथे निजवले होते. शार्दूलच्या हाताने मनाला न विचारता छताकडच्या मुळांवर निळा ठिपका ठेवला.

चूक बाराव्या दिवशी उमगली. तोवर सेतूचे तंतू खोल रुजले होते. "आता उलटवता येणार नाही," शल्यविशारद उपळेकर मॅडम म्हणाल्या, "फार तर कापून काढता येईल." घरच्यांना काय सांगायचे, ते त्यांनी त्याच्यावर सोपवले होते. त्यालाही तीन दिवस लोटले होते.

वॉर्डात चाचांची मुलगी नाझनीन पेज भरवत होती. शार्दूलला पाहताच ती उठली.

"सर, एक विचारू? मी हात धरला की अब्बा झटकतात. काल चमचा उडाला. माझ्यावर रागावलेत का?"

"अगं, मी नाही झटकत," चाचा म्हणाले. "तू कधी धरतेस तेच मला कळत नाही. आणि साहेब, गंमत ऐका. मी बोट हलवायला जातो तेव्हा ते हलत नाही, पण कुणीतरी हात हातात घेतं. ऊबदार असतो. हिची अम्मी घ्यायची ना, तसा. मी दिवसभर तेवढंच करत बसतो."

शार्दूलने खिडकीकडे पाहत सगळे सांगितले. खुणेचे, पालथ्या देहाचे, आपल्या हाताचे. आज्ञा स्पर्शाच्या वाटेला लागली आहे आणि स्पर्श आज्ञेच्या. म्हणून कुणी धरले की हात झटकतो, आणि चाचांची इच्छाच स्पर्श होऊन फिरून त्यांच्यापाशी येते. "माझ्यामुळे, चाचा," तो म्हणाला.

नाझनीनने तोंडावर पदर दाबला.

"म्हणजे तो ऊबदार हात कुणाचाच नव्हे," चाचा म्हणाले.

"नाही."

"तो सेतू काढून टाकला तर?"

"झटका थांबेल. हिला हात धरून बसता येईल. पण तुम्हांला काहीच जाणवणार नाही. तेही नाही."

नाझनीनचा हात बापाच्या हातावर उतरता उतरता वीतभर वरच थबकला. चाचांनी तो पाहिला. मग त्यांनी डोळे मिटले. बोटे निश्चल होती, पण चेहऱ्यावर क्षणभर कुणीतरी भेटल्यासारखे समाधान पसरले आणि विरले.

"ही धरेल तो हात मला कळणार नाही," ते डोळे न उघडताच म्हणाले, "आणि जो कळतो, तो कुणाचा नाही. साहेब, तुम्ही शिकलेले आहात. यातला कुठला ठेवू?"