पाचव्या भागातली चिठ्ठी

बारामतीच्या एसटी स्टँडवर उत्कर्षाच्या पिशवीचा बंद तुटला आणि आतलं जाडजूड पुस्तक थेट एका तरुणाच्या पायावर आदळलं. मुखपृष्ठावर रक्ताळलेली खुर्ची. त्यानं पुस्तक उचललं, धूळ झटकली आणि गालातल्या गालात हसला.

“मॅडम, खुनी कोण हाय सांगू का?”

“खबरदार!” ती ओरडलीच. अख्खं स्टँड वळून बघायला लागलं.

त्याचं नाव इंद्रजित. उत्कर्षा लासुर्ण्याच्या ज्या शाळेत मराठी शिकवायची, तिथलाच हा माजी विद्यार्थी. आता लासुर्ण्याच्या अलीकडं असलेल्या आपल्या गावची डेअरी सांभाळायचा. आणि ‘सातवी खुर्ची’ या राजकीय थरारमालिकेचे पाचही भाग शाळेला भेट देणारा दानशूरही हाच! नववी-दहावीच्या मुलांना ती द्यावी की नाही, हे हेडसरांनी उत्कर्षावर सोपवलं होतं. ती नको म्हणाली, की पुस्तकं परत.

लासुर्ण्यावरून जाणाऱ्या इंदापूरच्या गाडीत तो शेजारीच बसला. खून, दारू, शिव्या… जिथं खटकलं तिथं तिनं लाल चिठ्ठी लावली होती.

“पुस्तक हाय का लग्नाचा मांडव?”

“मुलं बिघडली तर पालक मला धरतील, तुम्हाला नाही.”

“मग मला उत्तर तर देऊ द्या!”

तेव्हापासून डेअरीचं कुठलं काम दर शनिवारी भल्या सकाळी बारामतीत निघायचं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. गाडीत तो चिठ्ठ्यांच्या मागं उत्तरं लिहायचा. शिव्यांपाशी – ‘पोरांना यापेक्षा भारी येतात.’ खुनापाशी – ‘मीबी घाबरलो… तुमी नव्हता ना शेजारी.’ उत्कर्षा पुस्तकाआड तोंड लपवून हसायची.

पाचव्या भागात मात्र ती अडली. मतदानाआधी पंचायतीच्या एका मेंबराला सहलीच्या नावाखाली आठ दिवस डांबतात आणि तो फुटतो. तो घरी परततो तेव्हा मुलगा नुसता बघत राहतो. तिनं लिहिलं, ‘मुलांचा बापावरचा विश्वास उडेल. नको.’ तिचा निकाल ठरला होता.

इंद्रजितनं ती चिठ्ठी पुस्तकातून काढली. मागं उत्तर लिहिलं, चिठ्ठी तिच्या हाती दिली आणि एकही चेष्टा न करता आपल्या फाट्यावर उतरून गेला.

‘माझ्या वडलांना असंच नेलं होतं. मी नववीत होतो. नवा शर्ट घालून आले, पण माझ्याकडं बघंनात. वर्षभर मी त्यांच्याशी बोललो न्हाय. पुढं हे पान वाचलं तेव्हा कळलं, ते घाबरले होते. त्या दिवशी त्यांच्या शेजारी ताट घेऊन बसलो. म्हणून शाळेला दिली.’

उत्कर्षा थक्क झाली. हेच पान तिनं दोनदा वाचलं होतं, आणि तिला त्यात फक्त धोका दिसला होता! पुस्तक माणसाला माणूस परत मिळवून देतं, हे ती वर्गात नुसतं सांगत आली होती. आणि एवढं सगळं सोसलेला हा माणूस दर शनिवारी शेजारी बसून तिला हसवत होता… लासुर्णे मागं पडलं, तरी कंडक्टरनं हाक मारेपर्यंत तिला पत्ता नव्हता.

पुढच्या शनिवारी तिनं हेडसरांना द्यायचा अहवाल त्याच्यापुढं धरला. ‘चौदा वर्षांपुढच्या मुलांना जरूर द्यावी. मात्र घरच्या कुणाबरोबर तरी बसून वाचावी.’

त्यानं दोनदा वाचलं. डोळे भरून आले होते, तरी म्हणाला, “म्हंजे चिठ्ठ्या संपल्या… आता शनिवारी काय करायचं?”

“एक राहिलीय.”

तिनं पर्समधून लाल चिठ्ठी काढून दिली. ‘तुमच्या वडलांना भेटायचंय. येऊ का?’

इंद्रजितनं खिशातून पेन काढलं. मागं त्यानं लिहिलं, ‘या. राहायलाच या.’

उत्कर्षानं ते वाचलं. या वेळी ती पुस्तकाआड लपली नाही.